विषय क्रमांक सात

पहिली सभा कोरमअभावी तहकूब.
दुसरीला मात्र शाळेच्या दोन खोल्यांमधली
लाकडी फळी काढावी लागली,
तरी इनास लोबो खिडकीतच बसले,
एक पाय आत, एक पाय पेरूच्या झाडाकडे.

विषय क्रमांक सात:
सर्व्हे नंबर एक्केचाळीस, हिस्सा तीन,
चर्चच्या पायऱ्यांपासून सुरूच्या बनापर्यंतची वाळू
वाहनतळ म्हणून नोंदवण्यास
ना हरकत मिळणेबाबत.
अर्जदार फादर. सोबत नकाशा.
नकाशात मासळी नाही.

मी ग्रामसेवक. घाटावरचा.
इथे तीन वर्षं काढली आणि अजून
पेडवे कुठले, तारली कुठली, सांगता येत नाही.
हात तेवढे मोजता येतात.

फादर उभे राहिले. आवाज मवाळ.
म्हणाले, फेस्ताच्या नऊ दिवसांत
मुंबईच्या, मडगावच्या गाड्या तिठ्यापर्यंत लागतात,
गेल्या वर्षी बर्फाचा टेम्पो चार तास अडकला.
सगळ्यांना आठवलं ते:
निळ्या ताडपत्रीखालून बर्फ गळत गळत
सरपंचबाईंच्या दारातल्या रांगोळीपर्यंत गेला होता.
सरपंचबाईंनी मान हलवली.
हलवावीच लागली.

मग मासे वाळवणाऱ्या बायका.
सगळ्यांच्या वतीने शेवंती टिकम उठली.
'गाडी खंय पण ऱ्हवात. माशाक ऊन व्हया.
ता तुमी खयसून आणतलास?'
आणि बसली.
इतिवृत्तात मी लिहिलं:
काही महिलांनी सूर्यप्रकाशाचा मुद्दा उपस्थित केला.

बाजूने कोण, हात वर करा, म्हटलं.
पहिला हात भिवा कुबलांचा.
मागून कोणी हसलं, 'भिवाकाकानू, तुमचा काय थंय?'
हात खाली आला नाही.
होडीतून पडले त्या सालापासून
दर डिसेंबरला मेणाचा एक गुडघा
याच हाताने नेऊन ठेवतात ते सायबिणीपुढे.
दुखायचा तो दुखतोच. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

विरोधात कोण, म्हटलं.
आणि कार्मेलिन,
रविवारी पहिल्या बाकावर बसणारी,
वेदीवरची फुलं बदलणारी,
जिच्या दोन चटया त्याच हिश्श्यात अंथरलेल्या असतात,
तिने आधी झग्याला हात पुसला,
मग वर केला. फादरांकडे बघत.
फादरांनी चष्मा काढला, काच पुसली.
बराच वेळ पुसली.

इनास लोबोंचा हात खिडकीच्या गजावर, डोक्याहून उंच.
हा कुठे धरायचा, मी विचारलं.
'पडान म्हणान धरलंय,' ते म्हणाले.
मग मी धरला नाही.

बाजूने एकसष्ट. विरोधात अठ्ठावन्न.
एक खिडकीत.
ठराव मंजूर, पण तेवढ्यावर कोणी उठेना,
चहाची किटली दोनदा फिरली,
आणि अट घातली गेली:
फेस्ताचे नऊ दिवस गाड्या,
बाकी दिवस मासळी,
पावसात कोणीच नाही.
सूचक भिवा कुबल.
अनुमोदक, थोडं थांबून,
कार्मेलिन रॉड्रिग्ज.

फाईल ओरोसला गेली. दीड महिन्याने परत आली.
शेरा: रकाना बारा, वापराचा प्रकार.
कोणताही एकच नमूद करावा.
शिपाई म्हणाला, साहेबांनी तोंडी असंही सांगितलंय
की कागदांना वास येतो.

काल संध्याकाळी जागा पुन्हा बघावी म्हणून गेलो,
फाईल डिकीत,
रकाना बारा कोरा.
उन्हं कलली होती तरी चटया होत्या,
चटयांवर चांदीसारखं काहीतरी, पेडवे किंवा तारली,
आणि मोटरसायकल कुठे लावावी ते कळेना.
कार्मेलिनने एक चटई वीतभर ओढून घेतली.
'लाव थंय,' म्हणाली.
'सायलेन्सर मातर तकडे कर.'